खोलीतला हिवाळा

माशांना थंडी वाजत असणार असं पाहुण्याला अगदी मनापासून वाटलं, आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात झाली.

ताई आणि भाऊजी त्या दिवशी परगावी गेले होते, भाऊजींच्या आजारी आत्याला भेटायला. दुसऱ्या दिवशी दुपारी परतणार होते. निघताना ताईने गॅस, नळ, कड्या, कुलूप अशी सगळी उजळणी त्याच्याकडून करून घेतली. भाऊजी बूट घालता घालता एवढंच म्हणाले, की टाकीला हात लावू नका. पाहुण्याने मान डोलावली. हात लावणं म्हणजे मासे पकडणं, पाणी ढवळणं, काचेवर टिचक्या मारणं, अशी त्याची समजूत, आणि असले उद्योग करण्याचं त्याचं वय राहिलं नव्हतं. पण संध्याकाळी टाकीचं झाकण जरा तिरकं दिसलं. ते सरळ करायला गेला आणि चार बोटं पाण्यात बुडाली. कळ पार कोपरापर्यंत गेली.

असल्या पाण्यात हे जीव रात्रंदिवस राहतात, या विचाराने तो कळवळला. खरं सांगायचं तर थोडा स्वतःसाठीही कळवळला, कारण त्याची गादी याच खोलीत, टाकीच्या पायथ्याशी होती. टाकीशेजारी पत्र्याचा एक खोका दिवसरात्र घरघरत असे. त्या घरघरीत आणि त्या गारठ्यात तो कित्येक महिने दोन-दोन पांघरुणं घेऊन झोपत आला होता.

कोपऱ्यावर रंगीत माशांचं दुकान होतं. दुकानदाराने मासे कुठले, हे विचारायची तसदी घेतली नाही. पंचवीस अंश म्हणजे कुठल्याही माशाला स्वर्ग, असं छातीठोकपणे सांगून त्याने काचेच्या नळीतला एक हीटर पुढे केला. पाहुण्याने तो स्वतःच्या पैशांनी घेतला, भाऊजींना भेट म्हणून. घरी येऊन त्याने खोक्याची पिन काढली, हीटर पाण्यात सोडून त्याची पिन तिथे लावली, त्यातला लाल दिवा लागलेला बघितला, आणि एकच पांघरूण घेऊन, तेही अर्धं लाथाडून, सत्कृत्य केलेल्या माणसासारखा गाढ झोपला.

सकाळी उठून बघतो तर जवळजवळ सगळे मासे पाण्याच्या वरच्या कडेला. तोंडं वर, जबडे उघडेमिटे, जसे काही सगळे मिळून एकच शब्द म्हणायचा प्रयत्न करताहेत आणि तो फुटत नाही. दोन छोटे तळाशी आडवे पडले होते. पाहुण्याच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याला पाहुणा का म्हणायचे तेही इथेच सांगून टाकतो. गाद्यांच्या दुकानात नोकरी लागली म्हणून तो या शहरात आला, आणि खोली मिळेपर्यंत चार दिवस बहिणीकडे राहतो म्हणाला. त्या चार दिवसांत ऋतू उलटून गेले. भाऊजी त्याला पहिल्या दिवशी थट्टेने "या पाहुणे, बसा पाहुणे" म्हणाले होते, ते काही सुटलं नाही. मग शेजारचा शिंपी म्हणू लागला, मग दूधवाला. आता दुकानाचा मालकही त्याला त्याच नावाने हाक मारी. भाऊजींनी मात्र थट्टेतलं "अहो-जाहो" आजवर पाळलं होतं. खोली मिळाली का, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. ताई रोज विचारायची.

भाऊजी फ्रिज दुरुस्त करायचे. शहरातली निम्मी थंडी त्यांच्या हातची, असं ताई म्हणे. कोणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात येण्याआधी ते फ्रिजच्या मागे हात घालून बघत. स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरवर आणि मूठ कानाला लावून डोळे मिटत, डॉक्टरने छाती तपासावी तसे. बोलणं फार कमी. लग्नाआधी पहिल्यांदा ताईच्या घरी आले तेव्हा अर्धा तास गप्प बसून शेवटी एकच वाक्य बोलले होते, की तुमच्या फ्रिजचा पंखा घासतोय. ताईच्या वडिलांना वाटलं, माणूस तुसडा दिसतो. पण जाताना तो पंखा दुरुस्त करून गेला, आणि तो फ्रिज अजून चालू आहे. ताईचा संसारही.

आणि टाकीतले मासे दुकानातले नव्हते, हाच तर सगळा घोळ होता. शहराच्या वर डोंगरात पाण्याचं एक पंपहाउस होतं. तिथला फ्रिज दुरुस्त करायला भाऊजी गेले असताना मागच्या ओढ्यात त्यांना हे दिसले. बोटाएवढे, मोठ्या डोक्याचे, दगडाच्या रंगाचे. दिसायला इतके साधे, की घरी आलेले लोक टाकीसमोर उभे राहून विचारत, मासे कुठे आहेत. रीतसर परवानगी काढून, ओढ्याचंच पाणी बर्फाच्या पेटीत भरून, भाऊजींनी मोजके मासे खाली आणले होते. वाहत्या गार पाण्यातले जीव. त्यांना गारवा हवा, प्रवाह हवा, आणि दुकानातला कोरडा खाऊ ते तोंडातही घेत नसत. पहिल्या वर्षीचे सगळे उन्हाळ्यात गेले. त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत. मग कुठल्याशा भंगारातल्या वॉटर कूलरचा कॉम्प्रेसर काढून त्यांनी तो घरघरणारा खोका बनवला. पाहुण्याने पिन काढली ती त्याची.

तर सकाळी पाहुण्याने पहिलं काय केलं, तर घाईघाईने खोका परत चालू केला. पिन सैल वाटली म्हणून लगेच काढून परत घातली, तर तो गुरगुरला आणि टक् करून बंद पडला. त्याने परत पिन काढून घातली. परत टक्. असं पाच-सहा वेळा. शेवटी टक् म्हणणंही बंद झालं आणि जळका वास आला. तेव्हा त्याने भाऊजींना फोन लावला. सगळं सांगितलं. हीटरचं, पिनेचं, वासाचं.

"वर आलेत?" भाऊजींनी विचारलं.

"दोन सोडून सगळे."

"मुकादम?"

मुकादम हा त्यातला सगळ्यात थोराड मासा. दिवसभर एका सपाट दगडाखाली कपाळाला आठ्या घालून बसायचा आणि काही करायचा नाही, म्हणून ताईने ठेवलेलं नाव. पाहुण्याने वाकून बघितलं. तो वर आलेल्यांत नव्हता. तळाशी पडलेल्यांतही नव्हता. दगडाखाली काळोख होता.

"दिसत नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात ताईने फोन हिसकावून घेतला. ती रडत नव्हती आणि ओरडतही नव्हती, याचीच त्याला जास्त भीती वाटली. ती म्हणाली, "अरे, त्या दगडाखाली अंडी आहेत. मुकादम राखण करतोय. यांनी मला सोडून कोणालाच सांगितलं नव्हतं."

मग पाहुण्याला समजलं, की इतके महिने आपण कशाशेजारी झोपत होतो. या माशांनी अंडी घालायची तर आधी हिवाळा जावा लागतो, आणि घरातल्या खोलीत हिवाळा येत नाही. तो भाऊजींनी आणला होता. आठवड्याला केसभर खोक्याचं बटण फिरवत, दिव्याची वेळ थोडी थोडी कमी करत, खिडकीला काळा कागद लावून. आधीचे प्रयत्न फसले होते. या खेपेला मादीने दगडाच्या खालच्या अंगाला अंड्यांचा पिवळट झुबका चिकटवला आणि ती बाजूला झाली. तेव्हापासून मुकादम खाली बसून परांनी अंड्यांना वारा घालत होता. खातही नव्हता. आणि पाहुण्याने एका रात्रीत उन्हाळा आणून ठेवला होता.

भाऊजींनी फोन परत घेतला. "हीटर काढ," ते म्हणाले. एवढ्या गडबडीतही पाहुण्याच्या लक्षात आलं, की 'काढा' नाही, 'काढ' म्हणाले. "मगने पाणी उचल आणि वरून सोड. हवा मिसळू दे. ते थांबवू नकोस. बर्फ आण, पण थेट टाकायचा नाही. बाटलीत भर, बूच लाव, पाण्यावर तरंगत ठेव. तापमान हळूहळू उतरलं पाहिजे. एकदम गार केलंस तर जे वाचलेत तेही जातील."

पाणी सोडणं थांबवायचं नाही आणि बर्फही आणायचा, हे जमावं कसं. पाहुण्याने जिन्यातून शिंप्याला हाक मारली. शिंपी गळ्यातली टेप तशीच ठेवून आला, कारणही न विचारता स्टुलावर बसला आणि एका लयीत मगने पाणी उचलून सोडायला लागला. पाहुणा बादली घेऊन पळाला. बर्फाचा कारखाना लांब होता. बाजारात बर्फ एकाच ठिकाणी हमखास असतो, मासे विकणाऱ्या बाईकडे.

तिने विचारलं, बर्फ कशाला. तो म्हणाला, माशांना. किती किलो आहेत, तिने विचारलं. तो म्हणाला, किलोवर नाहीत, जिवंत आहेत. बाईने हातातला सुरा फळीवर ठेवला आणि त्याला नीट न्याहाळलं. तिच्या उभ्या आयुष्यात मासा जगवायला बर्फ मागणारं गिऱ्हाईक आलं नव्हतं. पण त्याच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते बघून तिने आणखी काही विचारलं नाही. तो वरचाच बर्फ भरायला लागला तेव्हा मात्र तिने त्याचा हात धरला.

"तो नको. त्याला मेलेल्यांचा वास लागलाय. खालचा घे, कोरा." आणि तिने स्वतः खालून खणून बादली भरून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि मागून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, की वाचले तर सांग, आणि नाही वाचले तर आण.

दुपारपर्यंत दोघांनी आळीपाळीने मग चालवला. बाटल्यांतला बर्फ वितळे, पाहुणा बाटल्या बदलत राही, काचेवरच्या तापमापीकडे बघत राही. शिंप्याने मधूनच विचारलं, की हे खायचे आहेत का. नाही म्हटल्यावर तो थोडा नाराज झाला, पण हात थांबवला नाही. एकेक करून मासे वरून खाली उतरायला लागले. आडवे पडलेले दोघे उठले नाहीत, आणि आणखी एक त्यांच्याशेजारी जाऊन पडला. शेवटी पाहुण्याने जमिनीवर गाल टेकवून, काचेला डोळा लावून दगडाखाली बघितलं. मुकादम तिथेच होता. कल्ले धापा टाकल्यासारखे हलत होते, आणि पर चालू होते. सगळे जीव वाचवायला वर गेले तेव्हाही तो जागचा हलला नव्हता.

भाऊजी आले ते तडक खोक्याकडे गेले. पिशवीतून नवा रिले, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारा भाग, काढला, बसवला, थोडा वेळ नुसतेच थांबले, आणि मग पिन घातली. बंद केलेल्या कॉम्प्रेसरला श्वास घ्यायला वेळ द्यावा लागतो, हे पाहुण्याला त्या दिवशी कळलं. घरघर सुरू झाली. इतके महिने ज्या आवाजाला तो मनातल्या मनात शिव्या घालत होता, तो ऐकून त्याच्या जिवात जीव आला. भाऊजींनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, मान हलवली, मग छोटी बॅटरी घेऊन दगडाखाली बघत राहिले. बरीच अंडी पांढरी पडली होती, म्हणजे गेली होती. थोडी अजून पिवळी होती. त्यांतली किती जगतील ते सांगता येत नव्हतं. मेलेले तीन मासे त्यांनी चमच्याने अलगद काढले आणि ताईच्या कुंडीत पुरले.

मग त्यांनी हात धुतले. शिव्या दिल्या असत्या तर पाहुण्याला बरं वाटलं असतं. तो आत गेला, बॅग भरली आणि खोलीत आणून ठेवली. दुकानात गाद्या भरपूर आहेत, मालकाला विचारून तिथेच पडेन, असं त्याने ताईला सांगितलं. ताई काहीतरी बोलणार तोच भाऊजी मागे वळले आणि बॅगेकडे बघत राहिले.

"पाहुणे," ते म्हणाले, "ती बॅग खोक्याला लागून ठेवू नका. हवा अडते."

पाहुण्याने बॅग उचलली. दुसरीकडे कुठे ठेवावी ते न सुचून कपाटावर, तिच्या नेहमीच्या जागी ठेवली. विषय तिथे संपला. "अहो-जाहो" परत आलं होतं, आणि ते ऐकून इतकं हलकं वाटेल हे त्याला आदल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. ताईने त्या रात्री जेवताना फक्त एवढं विचारलं, की हीटरच्या दुकानदाराने स्वर्गाची गॅरंटी दिली होती ना, मग दोघांनी जाऊन त्याला तीन मासे मागू या का. भाऊजींना हसू आलं. अगदी थोडं, पण आलं.

मग वाट बघणं सुरू झालं. सकाळी उठल्यावर भाऊजी आणि पाहुणा, दोघंही चहाच्या आधी जमिनीवर आडवे होऊन बघायचे. पांढरी पडलेली अंडी मुकादम तोंडाने एकेक करून काढून टाकत होता. झुबका रोज लहान होई. पाहुण्याला वाटे, उद्या काहीच उरणार नाही. विचारायची हिंमत होत नसे, आणि भाऊजी आपणहून सांगणारे नव्हेत.

सुटीच्या दिवशी भाऊजी म्हणाले, चला. दोघे बसने डोंगरात गेले, ओढ्याचं पाणी आणि माशांच्या खाण्यासाठी पाण्यातले किडे आणायला. पंपहाउसमागे उतरल्यावर भाऊजींनी त्याला बूट काढून पाण्यात उभं राहायला लावलं. का, ते सांगितलं नाही. पाहुणा उभा राहिला. आधी पायांना चटका बसला, मग पाय आपले नाहीतच असं वाटायला लागलं, आणि मग त्याच पाण्यात, त्याच्या पावलांच्या अवतीभवती, दगडाच्या रंगाचे बोटाएवढे जीव मजेत हिंडताना दिसले. त्यांना थंडी वाजत नव्हती. हे त्यांचं घर होतं. भाऊजींनी एक दगड उचलून खालचे किडे हलक्या ब्रशने डब्यात घेतले आणि दगड होता तसाच, त्याच अंगावर, त्याच खाचेत परत बसवला. प्रत्येक दगडाचं तेच. पाहुण्यानेही एक उचलला, तसाच परत बसवला, खूश होऊन मागे सरला आणि धाडकन पाण्यात बसला.

पंपहाउसचा म्हातारा पहारेकरी भाऊजींचा जुना दोस्त. त्याने पाहुण्याला शेगडीपाशी बसवलं, चहा पाजला आणि आपल्या ट्रंकेतून जाड लोकरीचे मोजे काढून दिले. म्हाताऱ्याच्या बायकोने विणलेले, एकाची टाच दुसऱ्याहून मोठी. परत येईन तेव्हा आणतो, पाहुणा म्हणाला. पहारेकरी म्हणाला, सावकाश आण, पाय आधी गरम होऊ दे.

परतीच्या बसमध्ये पाण्याचे कॅन पायाशी धरून बसले असताना भाऊजी बोलले. पाहुण्याने काही विचारलं नव्हतं.

"मांस, दूध, औषधं, आइस्क्रीम. हॉस्पिटलमधली ती खोलीसुद्धा मीच बघतो, जिथे शेवटी माणसं ठेवतात. आयुष्यभर मेलेल्या गोष्टी गार ठेवल्या, पाहुणे. वाटलं, गारव्यात काहीतरी जगतानाही बघावं."

पाहुण्याने खिडकीबाहेर बघितलं. पुढच्या वेळी कॅन मी उचलतो, तो म्हणाला.

आणि मग एका सकाळी भाऊजींनी तोंडात पेस्टचा फेस घेऊनच त्याला हाक मारली. पाहुणा धावत गेला, आडवा झाला. दगडाच्या कडेला पापणीच्या केसाएवढं काहीतरी वळवळलं, मग दुसरं, मग आणखी. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी पिल्लं, प्रत्येकाच्या पोटाला अंड्यातला पिवळा थेंब अजून चिकटलेला. झुबक्यातलं बाकी सगळं गेलं होतं, पण ही होती. भाऊजी बोट दाखवत होते आणि फेस हनुवटीवरून गळत होता, तो त्यांनी पुसला नाही.

त्या दिवशी मुकादम कित्येक दिवसांनी दगडाबाहेर आला. खंगला होता. भाऊजींनी किड्यांचा डबा पाहुण्याच्या हातात दिला. तोच माणूस, ज्याने टाकीला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. पाहुण्याने एक किडा चिमटीत धरून सोडला. बोटं पार बधिर झाली, पण त्याने ती मुकादमाने घास घेईपर्यंत पाण्यातून काढली नाहीत. ताई दारातून बघत होती. ती म्हणाली, काही करत नाही म्हणून नाव ठेवलं, त्याबद्दल या माशाची मी माफी मागते, आणि माझ्या भावाचं काय करायचं ते नंतर बघते.

थोड्या दिवसांनी शिंप्याने पाहुण्यासाठी एक खोली शोधून काढली. चांगली होती, उन्हाची होती. पाहुण्याने जेवताना ती गोष्ट काढली. भाऊजींनी घास गिळला आणि ताटाकडे बघतच म्हणाले, की आपल्याला दिवसभर कामासाठी फिरावं लागतं, पिल्लांना दिवसातून चारदा खाणं लागतं, आणि दुकानातून दुपारी घरी येऊन जाणारा माणूस या घरात एकच आहे. ताईने भावाकडे बघितलं आणि त्याच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला. खोली दुसऱ्या कोणीतरी घेतली.

बाजारातल्या बाईला त्याने दुसऱ्याच दिवशी जाऊन वाचले म्हणून सांगितलं होतं. तिला आनंद झाला असावा. तिने फक्त विचारलं, की मग तुमच्याकडे आता रोज कोणते मासे शिजतात.

मोजे मात्र अजून त्याच्याकडेच आहेत. धुऊन, घडी घालून, कागदात गुंडाळून तो ते एकदा घेऊन गेला. पहारेकरी रजेवर होता, आणि बदलीवर आलेल्या माणसाच्या हाती ते द्यायला पाहुण्याचं मन होईना. दुसऱ्यांदा पहारेकरी भेटला. पण त्याला भेटण्याआधी पाहुणा ओढ्यात एक दगड जागेवर बसवायला वाकला, पाय घसरला, आणि कागदातले मोजे त्याला तिथेच पायात चढवावे लागले. पहारेकऱ्याने त्याच्या पायांकडे बघून चहा ठेवला. पुढच्या खेपेला नक्की, पाहुणा म्हणाला.